न चाखलेली झेक्ट

त्या वाइनचा वास मला आजही अचूक सांगता येतो. बाटली उघडली की पहिल्यांदा कच्च्या हिरव्या सफरचंदाची साल, मग हातात चुरगळलेले लिंबाचे पान. आणि पेला थोडा वेळ तसाच धरून ठेवला की तळाशी कुठेतरी पांढरी मिरी, नुकतीच खलबत्त्यात भरडलेली. पेला कानाशी नेला तर बुडबुड्यांचा आवाज आधी दाट येई, मग विरळ होत जाई. रंग अगदी फिका, गवती चहाच्या पहिल्या पाण्यासारखा. एवढे सारे मी खात्रीने सांगू शकते. चव मात्र सांगू शकत नाही. आठ महिने दर गुरुवारी तिचा एक पेला माझ्या हातात दिला जात होता, आणि आठ महिने दर गुरुवारी मी तो सिंकमध्ये ओतत होते.

ही हकिकत क्राइस्टचर्चमधली, २००४ च्या सुमाराची. पुण्याच्या एका महाविद्यालयात सतरा वर्षे सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवून मी ह्यांच्या नोकरीमागे तिथे गेले होते. ह्यांच्या अभियांत्रिकीला मागणी होती, माझ्या रसायनशास्त्राला नव्हती. शिकवायचे असेल तर पुन्हा दोन वर्षे शिकावे लागेल, असे शिक्षण कार्यालयातल्या खिडकीपलीकडच्या मुलीने हसतमुखाने सांगितले आणि मी तिचे आभार मानून परत आले. कोणत्याही खिडकीशी उभे राहून वाद घालणे मला आयुष्यात जमलेले नाही. वर्षभर रिकार्टन उपनगरातल्या भाड्याच्या घरात मी पडदे धुतले, ग्रंथालयातली पुस्तके आणली आणि परत केली. मग एके दिवशी भारतीय किराणा दुकानाच्या काचेवर एक छोटे कार्ड दिसले. जुन्या वळणाच्या तिरप्या अक्षरात लिहिले होते : स्वयंपाकघरात मदतनीस हवी, गुरुवार ते शनिवार.

ते एका वाइनच्या दुकानाचे होते. पुढे बाटल्यांच्या फळ्या, मध्ये चार टेबले, मागे एक लहानसे स्वयंपाकघर. मालक सत्तरीचे ऑस्ट्रियन गृहस्थ, निम्म्याहून अधिक आयुष्य न्यूझीलंडमध्ये काढलेले. तऱ्हेतऱ्हेच्या वाइन ते विकत, पण जीव एकीतच होता. व्हिएन्नाच्या उत्तरेला त्यांच्या गावी थोरल्या भावाचा द्राक्षमळा होता, आणि तिथल्या पांढऱ्या द्राक्षांची ही फेसाळ वाइन, झेक्ट, तो भाऊ बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून हाताने तयार करी. कुणी तिला शॅम्पेन म्हटले की मालकांच्या कपाळावर आठी पडे. मी कामाला लागले त्याच्या आदल्या वर्षी तो भाऊ वारला होता, मळा विकला गेला होता. मागच्या थंड खोलीत जी खोकी रचलेली होती ती शेवटची.

पहिल्याच दिवशी मालकांनी विचारले, "याआधी काय करत होता?"

मी सांगितले. त्यांनी हातातला फडका खाली ठेवला आणि किंचित वाकून म्हणाले, "मग फ्राउ प्रोफेसर, कांदे चिरायला तुम्हाला कसं सांगू मी?"

त्यांच्या देशात शिकवणाऱ्या बाईला अशीच हाक मारतात, हे मला नंतर कळले. कांदे मी चिरलेच. पण त्या हाकेने माझे काय झाले ते लिहायला मला आजही संकोच वाटतो. त्या देशात आल्यापासून मी कुणाची तरी पत्नी होते, बसमधली साडीवाली होते, दुकानात कुणाही गिऱ्हाइकाला म्हणतात तशी 'लव्ह' होते. सतरा वर्षांचे जे काही माझे होते, ते त्या एका हाकेत कुणीतरी उचलून माझ्या हातात परत दिले होते.

त्याच गुरुवारी दुपारी त्यांनी झेक्टची बाटली उघडली, दोन पेले भरले आणि एक माझ्यापुढे धरला. "इथले लोक हिच्याबरोबर चीज आणि बिस्किटं खातात. घरी आम्ही तळलेला मासा खायचो, बदाम खायचो. मला आणखी काही हवं आहे. तुम्ही चव घ्या आणि मला सांगा."

'मी पीत नाही' एवढे तीन शब्द बोलायचे होते. वयाने वडील असलेल्या, मला प्रोफेसर म्हणणाऱ्या माणसाने आपल्या भावाच्या हातची वस्तू पुढे केली आहे आणि तिला नाही म्हणायचे, हे मला भयंकर उद्धटपणाचे वाटले. मी म्हटले, "खाण्याबरोबरच बघते. आत नेते."

आत नेला. वास घेतला, उजेडासमोर धरला, कानाशी नेला. मग नळ सोडून ओतून दिला.

आता इथे घरची गोष्ट सांगितली पाहिजे. सासूबाई आमच्याकडे सहा महिन्यांसाठी म्हणून आल्या होत्या आणि त्यांचा मुक्काम वाढत गेला होता. मी 'कॅफेत' कामाला जाते, एवढेच ह्यांनी त्यांना सांगितले होते. गुरुवारी मी परतले की त्या दारातच मला गाठत, आज उशीर झाला का, बस मिळाली का, असे काहीतरी विचारत. आणि विचारताना जवळ येत. पहिल्या दोन वेळा मला ती माया वाटली. तिसऱ्यांदा त्यांच्या नाकपुड्या हललेल्या दिसल्या. शुक्रवारी हे ऑफिसातल्या मंडळींबरोबर बिअर घेऊन येत तेव्हा मात्र सासूबाई खुर्चीवरून उठतही नसत. "पुरुषांना करावं लागतं बाई," त्या मला समजावत, "चार लोकांत वावरायचं म्हणजे."

आणि चव न घेता स्वयंपाक करायला मला त्यांनीच शिकवले होते. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी आमटीचा थेंब तळहातावर घेतला तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले होते. "देवाला दाखवायचं आहे अजून. आपल्याकडे उष्टं जात नाही देवापुढे." नैवेद्य रोजचा, म्हणून नियमही रोजचा. मीठ वासावरून ओळखायचे, भाजी शिजली की नाही ते वाफेवरून, फोडणी आवाजावरून. तेवीस वर्षे मी असाच स्वयंपाक केला होता. त्यामुळे न चाखता पदार्थ जुळवणे मला अशक्य तर वाटले नाहीच. खरे सांगायचे तर त्यात मला थोडा अभिमानही वाटला. नाक होते, कान होते, आणि आम्ल, मेद, कार्बन डायऑक्साइड एकमेकांशी कसे वागतात याचे पुस्तकी ज्ञान होते. आणखी काय लागते?

जुळवले ते सगळे असे जुळवले. एवढी आंबट आणि फसफसणारी वाइन तेलकटपणा धुऊन काढणार, म्हणून तळलेले हवे. पण आवरण पातळ हवे. मिरची नको, कारण बुडबुडे तिखटाला जिभेवर पसरवतील. चिंच नको, दोन आंबट एकमेकांशी भांडतील. अळूची पाने तिथे मिळत नसत. पण सिल्व्हरबीट नावाची रुंद, जाड शिरांची पालेभाजी प्रत्येकाच्या परसात माजलेली असे. तिच्या शिरा लाटण्याने दाबून, चिंचेऐवजी लिंबू आणि लाल तिखटाऐवजी पांढरी मिरी घातलेले बेसन लावून मी वड्या केल्या; उकडल्या, कापल्या, तीळ लावून तळल्या.

मालकांनी उभ्याउभ्या तीन खाल्ल्या, प्रत्येकीनंतर एकेक घोट घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "माझ्या भावाला हे मिळायला हवं होतं."

त्यांची एक सवय होती. मी केलेली ताटली बाहेर नेण्याआधी ते तिच्या कडेला चिमूटभर जाडे मीठ ठेवत. मला वाटे, त्यांच्याकडची रीत असेल.

मग साबुदाण्याचे सुपारीएवढे वडे झाले, दाण्याच्या कुटामुळे किंचित गोडसर. ओल्या नारळाचे दडपे पोहे झाले, ते चिनी चमच्यांतून एकेक घासाचे दिले. व्हाइटबेट या बारीक माशांची धिरडी मालक स्वतः करत. मी शाकाहारी, पण वास घेऊन मी त्यांना लिंबाची साल किसून घालायला सांगितली आणि त्यांनी घातली. एकदा एका गिऱ्हाइकाच्या वाढदिवसाला पाव्हलोवा हा तिकडचा गोडमिट्ट केक आला, वर किवी आणि सायीचे डोंगर, आणि त्याबरोबर झेक्टची मागणी झाली. मी मालकांना बाजूला बोलावून म्हटले, "गोड खाल्ल्यावर ही नुसतं आंबट पाणी लागेल. दुसरी काहीतरी द्या." ते बाहेर जाऊन म्हणाले, "माफ करा, फ्राउ प्रोफेसर परवानगी देत नाहीत." सगळे हसले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ते हसणे ऐकले, आणि घरी जाताना बसमध्ये पुन्हा ऐकले.

हिवाळा सरताना त्यांनी मला बसवून सांगितले. वसंतात एका शनिवारी दुपारी ते शहरातल्या वीसेक उपाहारगृहवाल्यांना बोलावणार होते. भावाच्या उरलेल्या बाटल्या योग्य हातांत जाव्यात, एवढाच त्यांचा हेतू. "त्यानंतर पुढचं टेबल तुमचं. कांदे दुसरं कुणी चिरेल. लोक आत आले की कशाबरोबर काय, ते तुम्ही सांगायचं. कार्डावर तुमचं नाव छापू."

मी मान खाली घालून 'बरं' म्हटले. त्या आठवड्यात मी कॉलेजात नेसायची ती करडी साडी पेटीतून काढून इस्त्री केली. सासूबाईंनी विचारले, "कुठं व्याख्यान आहे का?" मी म्हटले, "असंच." पण खरे तर होतेच. या वयात पुन्हा एकदा लोकांसमोर उभे राहायचे होते, आणि मला जे माहीत आहे ते कुणीतरी मला विचारणार होते. मला त्याहून अधिक काही नको होते.

तो शनिवार वायव्येच्या गरम वाऱ्याचा होता. दारे आपटत होती, सगळे तहानलेले आले. मालकांनी वीस ताटल्यांच्या कडांना स्वतःच्या हाताने मीठ ठेवले. वड्या संपल्या, पुन्हा तळल्या, पुन्हा संपल्या. एका उंच बाईने, जिचे समुद्राकाठी मोठे उपाहारगृह होते, विचारले, "इतक्या तेलकट पदार्थाबरोबर ही एवढी हलकी का लागते?"

"मला नका विचारू," मालक म्हणाले. "फ्राउ प्रोफेसर, बाहेर या."

मी खोचलेला पदर सोडला आणि बाहेर आले. पाच मिनिटे बोलले असेन. पहिले वाक्य अडखळले, पुढे आवाज आपोआप वर्गातल्यासारखा झाला. आम्ल लाळ सुटायला लावते ते सांगितले, बुडबुडे जिभेवरचा तेलाचा थर कसा फोडतात ते सांगितले, वाइनमधल्या मिरीला बेसनातली मिरी कशी ओळख देते ते सांगितले. टाळ्या वाजल्या. त्या उंच बाईने वहीत लिहून घेतले. मालकांचा चेहरा, मोठी बहीण बक्षीस घेऊन आल्यावर धाकट्या भावाचा असावा, तसा झाला होता. त्यांनी माझ्या हातात भरलेला पेला दिला आणि ते पाहुण्यांना निरोप द्यायला दाराकडे गेले.

मी आत आले. खिडकीत ऊन होते. गुरुवारी करत असे तेच, तितक्याच सहजपणे केले.

"खराब होती का?"

मालक मागे उभे होते. त्यांच्या हातात स्वतःचा पेला होता, माझ्या पेल्याला लावण्यासाठी आणलेला. त्यांना खरोखरच वाटले की बुचाने बाटली बिघडली असेल. त्यांनी माझा रिकामा पेला घेऊन हुंगला. "नाही. चांगली आहे. मग?"

खराब आहे, असे म्हणता आले असते. तेही उद्धट वाटले असावे मला. मी म्हटले, "मी पीत नाही."

"आज?"

"कधीच नाही."

"आणि गुरुवारी?"

मी सिंककडे पाहिले. त्यांनीही पाहिले.

"सांगितलं असतं तर मी सफरचंदाचा रस दिला असता," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. "माझी आईसुद्धा पीत नव्हती. मी कुणाला आग्रह करत नाही."

"मला नाही म्हणायला जमलं नाही."

"आणि ओतून द्यायला जमलं?"

ते ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, "चौतीस-पस्तीस गुरुवार. एका बाटलीत सहा पेले. म्हणजे माझ्या भावाच्या सहा बाटल्या या नळीतून गेल्या." त्यांनी माझा पेला विसळला, पुसला, फळीवर ठेवला आणि माझ्या आडनावामागे 'मिसेस' लावून मला शुभ सायंकाळ म्हटले.

फ्राउ प्रोफेसर ही हाक त्यानंतर मी ऐकली नाही.

त्यांनी मला काढले नाही. वाइनचा अभ्यासक्रम केलेली एक तरुणी पुढच्या टेबलाशी आली. हुशार होती, मोकळी होती, घोट घेऊन तो थुंकायलाही तिला संकोच वाटत नसे. कार्ड छापून आले. त्यावर माझे सगळे पदार्थ होते. वड्यांना 'सिल्व्हरबीट रोल्स' म्हटले होते. नाव कुणाचेच नव्हते. "हे तुम्हीच शोधलंत ना? कमाल आहे हं," ती मुलगी म्हणाली आणि कृती लिहून मागितली. मी नीट अक्षरात लिहून दिली. तीन आठवडे कांदे चिरले आणि चौथ्या आठवड्यात, घरी सासूबाईंची तब्येत बरी नसते, असे खोटेच सांगून काम सोडले.

निघताना मालकांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली माझ्यापुढे ठेवली. "ही तुमची. प्या, नाहीतर ओता."

घरात ती ठेवायची कुठे? फ्रिज सासूबाईंच्या ताब्यात, कपाटे त्यांनी लावलेली. शेवटी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, जुन्या रजयांमागे ढकलली. उष्णतेने वाइनचे काय होते हे मी पुस्तकातून वाचून त्या मुलीलाही सांगू शकले असते. तरी ठेवली. हिवाळा येईपर्यंत ती तिथे उबेत पडून होती आणि मी त्या कपाटातून टॉवेल काढत होते.

जूनमधल्या एका दुपारी ग्रंथालय लवकर बंद झाले म्हणून मी अवेळी घरी आले. सासूबाई शेगडीपाशी उभ्या होत्या. त्यांनी आमटीची पळी वर घेतली, फुंकर मारली, तळहातावर थेंब घेऊन चाटला, चिमूटभर मीठ घातले आणि पुन्हा चाटला.

"आई?"

"आलीस? बघ, मीठ कमीच होतं."

"तुम्ही चव घेताय."

"मग? चव घेतल्याशिवाय कळतं का कुणाला?"

"पण नैवेद्य..."

"अगं, इथं आल्यापासून देवाला दूध-साखरच दाखवतोय की आपण. स्वयंपाकाचा कुठं दाखवतो?"

"मग मला सांगितलं नाहीत?"

"तू विचारलंस का?" त्यांनी झाकण ठेवले. "आणि पुण्यात तरी काय, कुणी बघत नसलं की घ्यायचेच मी. नवी सून म्हणून तुला एकदा बोलले असेन. तू ते आयुष्यभर धरून बसलीस, त्याला मी काय करू?"

मी परसात गेले, सिल्व्हरबीटची पाने तोडली आणि वड्या केल्या. बाटली काढून बर्फात घातली. सासूबाई खुर्ची ओढून बघत बसल्या.

"काय गं ते?"

"वाइन."

"कुणाची?"

"माझी."

बूच आवाज न करता निघाले. वाइन पिवळी, जवळजवळ तांबूस झाली होती. चारदोन मोठे बुडबुडे वर आले आणि थांबले. उकडलेल्या सफरचंदाचा वास होता, मिरी नव्हती. मी पेला ओठांना लावायच्या आधी सासूबाईंनी बोट पुढे केले. "बघू तरी, एवढं काय असतं त्यात." बोट बुडवले, चाखले, तोंड वाकडे केले.

"बिघडलंय हे. टाकून दे."

सिंक हाताशी होते. मी प्यायले. पुन्हा भरला, पुन्हा प्यायले. ती कशी होती, ते मला आता कधीच कळणार नव्हते. उरला होता तो फक्त तिचा आंबटपणा. मग वडी खाल्ली. एकटी खाल्ली तेव्हा ती बरोबर लागली. घोटाबरोबर खाल्ली तेव्हा ठार अळणी लागली.

मी ताटलीच्या कडेला चिमूटभर जाडे मीठ ठेवले, वडी त्याला टेकवली, खाल्ली आणि घोट घेतला. जुळले.

त्यांच्याकडची रीत नव्हती तर ती. पहिल्या दिवसापासून माझी चूक त्यांनी पाहिली होती आणि मला न दुखवता रोज स्वतःच्या हाताने भरून काढली होती. नाही म्हणायला त्यांनाही जमले नव्हते. पण त्यांनी काही ओतून दिले नव्हते.

सासूबाई म्हणाल्या, "एवढं तोंड का झालंय तुझं? कडू आहे का?"

"नाही," मी म्हटले, "मीठ कमी होतं."